होकार कधी विचारावा?

सावित्रीच्या खोऱ्यातला कोकणी मुसलमान पोटासाठी मुंबई गाठत आला. 1973 च्या तेलभाववाढीनंतर आखाताची वाट रुंदावली. परमुलखातही त्याने तांदळाची भाकरी आणि सांदणे सोडली नाहीत, ही निष्ठा आम्हांस प्रियच आहे. पण महाड-पोलादपुराकडे सून पारखताना कैकदा तिच्या हातची भाकरी पाहतात, मन विचारीत नाहीत. मुलीने कोणावर जीव जडवला, तर घराण्याची अब्रू आड येते! निकाहाला वधूची संमती लागते. मेहरही तिचाच हक्क. परंतु पाहुणे जमल्यावर विचारलेल्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणण्याची सोय कोणत्या मुलीला असते? म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की होकार पसंतीच्याच वेळी विचारावा. भाकरी मागाहूनही शिकता येते.