आषाढाच्या आधी



बोरघाट उतरलेली गाडी खोपोलीच्या शिळफाट्यावर चहा-वडापावला थांबतेच. रस्त्याला हॉटेले, मंगल कार्यालये, कारखाने; थोडे आत वळले की फार्महाऊस. खोपोलीच्या वीजघराने 1915 पासून मुंबईला वीज दिली, कर्जतच्या भात संशोधन केंद्राने कोकणाला भाताची वाणे दिली. अशा मुलखात उपाशी कोण राहत असेल, असे घाट उतरणाऱ्याला वाटणारच.

रस्त्यावरून ती भूक दिसत नाही. ती आषाढात, वाडीवर दिसते.

दिवाळी उलटली की कातकरी कुटुंब मुकादमाची उचल घेऊन वीटभट्टीवर जाते आणि पाऊस लागताना परतते. उचल फिटेपर्यंत हाती फारसे उरत नाही. लावणीची मजुरी चार दिवसांची. मग सावकाराकडून सवाई-दिढीने भात उचलायचे, नाहीतर रान गाठायचे. बाया शेवळे, टाकळा, कुरडू खुडून आणतात. कडूकंदाच्या चकत्या उकडून वाहत्या पाण्यात ठेवतात, तेव्हा कुठे त्यांचा कडूपणा उतरतो. रानभाज्यांच्या महोत्सवात हौसेने खाल्ले जाते तेच हे अन्न. पण त्यावर पावसाळा काढणाऱ्या मुलाचे वजन वाढत नाही.

अंगणवाडीताई अशा मुलाच्या दंडाला मोजपट्टी लावते. घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला की पट्टीवर लाल रंग दिसतो. मोठ्या माणसाचा अंगठा आणि तर्जनी जुळवली, तर त्या कड्यात हा दंड सैल बसतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालच्या दर 100 मुलांमागे 36 मुले कमी वजनाची आढळली. प्रगत म्हणवणाऱ्या राज्याला हा आकडा शोभत नाही.

यावरचा उपाय याच मातीत शोधला गेला आहे. माथेरानच्या भाई कोतवालांनी कर्जत तालुक्यात गावोगाव शाळा काढल्या आणि सावकारी पाश सुटावा म्हणून धान्यकोठी उभी केली. 2 जानेवारी 1943 रोजी स्वातंत्र्यलढ्यात सिद्धगडावर ते हुतात्मा झाले. त्यांचा पराक्रम तालुक्याला पाठ आहे. धान्यकोठीची आठवण मात्र कमी निघते. पुढे कशेळ्याच्या अकादमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सने आदिवासी वाड्यांत धान्य बँका चालवल्या. हिशेब सरळ होता. अडचणीच्या महिन्यांत वाडीच्याच कोठीतून भात न्यायचे, नवे पीक आले की थोडा वाढावा घालून परत करायचे. कोठी वाडीची, निर्णयही वाडीचा. दान घेण्याचा संकोच त्यात नव्हता.

आज संस्थांची वाण नाही. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूरच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. 27 मृतदेह सापडले, 57 माणसे बेपत्ताच राहिली. तेव्हा खोपोलीच्या यशवंती हायकर्ससारख्या गटांनी भर पावसात चिखलाची वाट चढून मदतकार्य केले. कोण कोणत्या संस्थेचा, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. भुकेच्या बाबतीत मात्र प्रत्येकाची तारीख वेगळी, फलक वेगळा. रस्त्यालगतच्या वाडीला एकाच आठवड्यात तीनदा शिधा मिळतो आणि डोंगरामागच्या वाडीला एकदाही नाही. लग्नातले उरलेले अन्न वाटणाऱ्या तरुणांचे मन मोठे आहे, पण लाल पट्टीतल्या मुलाला रोज, थोडे थोडे आणि पुन्हा पुन्हा खायला लागते. तिथे लग्नाची पंगत पुरी पडत नाही.

म्हणून वाड्यांवर पुन्हा धान्यकोठी उभी करावी आणि कामे वाटून घ्यावीत. हॉटेल व्यावसायिकांनी आणि फार्महाऊसवाल्यांनी कोठीचे पहिले भात भरावे. बचत गटांनी हिशेब ठेवावा. वकील मंडळींनी शिधापत्रिकांचे अर्ज हाती घ्यावेत. कातकऱ्यांसह आदिम जमातींच्या सर्व कुटुंबांना अंत्योदयचे कार्ड द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने 2 मे 2003 रोजीच सांगितले आहे. त्या कार्डावर कुटुंबाला महिन्याला 35 किलो धान्य मिळते. भट्टीवर गेलेल्यांना तिथेच धान्य मिळावे, याचाही पाठपुरावा करावा लागेल.

मंडपाच्या दाराशी कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील वाड्यांची यादी लावली आहे. रस्त्यालगतच्या वाड्या सर्वांत खाली आहेत, त्या मुद्दामच. जेवायला बसण्यापूर्वी प्रत्येक संस्थेने वरच्या एका वाडीपुढे आपले नाव लिहावे, एवढीच स्वागत समितीची हात जोडून विनंती.