जहाजावरची फॉर्मल नाइट आणि पुरुषांचा पोशाख



मुलगा किंवा मुलगी परदेशात असते, आईवडील उन्हाळ्यात तिकडे जातात आणि आठवड्याभराच्या जहाजसफरीचं आरक्षण होतं. पुण्या-ठाण्यातल्या पुष्कळ घरांत आता हे घडतं. आरक्षणाच्या कागदांत एक ओळ असते: अमुक संध्याकाळी फॉर्मल नाइट, म्हणजे औपचारिक पोशाखात जेवायला बसायची रात्र. घरातल्या बाईंचा प्रश्न तिथेच सुटतो. पैठणी बॅगेत जाते, आणि ती जगातल्या कुठल्याही भोजनगृहात शोभते. अडतात ते पुरुष. मुलाच्या लग्नात शिवलेला आणि आता पोटावर न बसणारा सूट बाहेर निघतो, नाहीतर ‘तिथे आपल्याला कोण ओळखतंय’ म्हणून टी-शर्टवरच भागवायचं ठरतं. मला हे दोन्ही मार्ग पटत नाहीत.

आधी नियम काय असतो ते पाहू. हा रिवाज आजही मनापासून पाळणारी कंपनी म्हणजे क्युनार्ड. १८४० पासून अटलांटिक ओलांडणारी ही कंपनी. तिचं ‘क्वीन मेरी २’ हे जहाज साउदम्प्टनहून न्यूयॉर्कला सात रात्रींत पोचतं. त्यांतल्या काही रात्री ‘गाला’ असतात. त्या रात्री पुरुषांनी डिनर जॅकेट घालावं, किंवा गडद सूट आणि बो किंवा साधा टाय. आणि त्याच नियमात पुढे म्हटलेलं आहे की आपल्या देशाचा औपचारिक पोशाख किंवा लष्करी गणवेशही चालेल. आपले लोक नेमकं हे वाक्य वाचत नाहीत. स्कॉटलंडचा माणूस याच वाक्याच्या आधारानं ऐटीत किल्ट घालून जेवायला येतो.

सगळ्याच कंपन्या इतक्या काटेकोर नाहीत. नॉर्वेजियन क्रूझ लाइननं तर अशी सक्तीची रात्र ठेवलेलीच नाही. ज्यांना नटण्याची मुळीच हौस नाही त्यांनी तसं जहाज निवडावं. त्यात कमीपणा काही नाही. क्युनार्डच्या जहाजावरही त्या रात्री साधे कपडे घालून जेवता येईल अशा जागा राखलेल्या असतात. मात्र मुख्य भोजनगृहात बसायचं असेल तर तिथला रिवाज पाळायला हवा.

या रात्री कधी असतात यालाही कारण आहे. जहाज दिवसभर समुद्रात असतं, कुठल्या बंदराला लागत नाही, तेव्हाची संध्याकाळ बहुधा यासाठी धरतात. दिवसभर बंदरात पायपीट करून आलेल्या माणसाला पुन्हा तासभर नटायला कोण लावणार? जुन्या प्रवासी बोटींवर पहिल्या आणि शेवटच्या रात्री कुणी नटत नसे. पहिल्या रात्री ट्रंका उघडलेल्या नसत आणि शेवटच्या रात्री त्या बांधून झालेल्या असत.

आता डिनर जॅकेटबद्दल. लंडनच्या हेन्री पूल या शिवणकाम करणाऱ्या पेढीकडे १८६५ साली इंग्लंडच्या युवराजानं, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डनं, घरगुती जेवणासाठी एक आखूड निळं जॅकेट शिवायला टाकलं. लांब शेपटाच्या कोटातून सुटका, एवढाच त्याचा हेतू. पुढे १८८६ च्या सुमारास न्यूयॉर्कजवळच्या टक्सिडो पार्कमधल्या श्रीमंत मंडळींनी तसला कोट उचलला. आज आपण ज्याला अतिऔपचारिक समजून बिचकतो, तो कोट जन्मला आरामासाठी. कॉलरवर रेशमी पट्टी, पुढे शक्यतो एकच बटण, विजारीच्या बाहेरच्या शिवणीवर एक फीत, पांढरा शर्ट, कफांना कफलिंक आणि काळा बो. विजारीला पट्टा लावत नाहीत. कमरेवर एकतर कमरबंद किंवा खोल गळ्याचा वेस्टकोट. दोन्ही एकत्र कधीच नाही. कमरबंदाच्या चुण्यांची तोंडं वरच्या बाजूला येतील असा तो बांधायचा. हा कमरबंद हिंदुस्थानातल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी इथल्याच उकाड्यामुळे वेस्टकोटाऐवजी उचलला.

उकाड्यानं जहाजावरच्या पोशाखात आणखीही बदल केले. सुएझकडे जाताना तांबड्या समुद्रात इतकं उकडे की रात्रीच्या जेवणाला जॅकेटच काढून ठेवायची सूट मिळाली: पांढरा शर्ट, काळी विजार, कमरबंद, बस्स. ‘रेड सी रिग’ म्हणतात तो हाच. आपल्या नौदलाच्या मेसमध्ये तो आजही घालतात. कॅरिबियन किंवा सिंगापूरकडच्या सफरीला पांढरं डिनर जॅकेटही शोभून दिसतं. काळ्याऐवजी मध्यरात्रीच्या आकाशासारखा गडद निळा रंग निवडलात तर उत्तमच. विजेच्या दिव्याखाली काळं कापड कधीकधी विटकं, हिरवट दिसतं. हा निळा मात्र तिथे काळ्याहून काळा वाटतो.

पण भाड्यानं आणलेलं, खांद्यावर लोंबणारं डिनर जॅकेट घालायला मी कुणालाही सांगणार नाही. बोटीवरच्या परक्या कपड्यांत संकोचलेल्या एका तरुणाची हकिगत आपल्याला ठाऊक आहे. ४ सप्टेंबर १८८८ रोजी मोहनदास गांधी मुंबईहून विलायतेला निघाले. आत्मकथेत त्यांनी सारं मोकळेपणानं लिहिलं आहे. बोटीवर ते काळा सूट घालत, आणि पांढऱ्या फ्लॅनेलचे कपडे त्यांनी उतरताना घालण्यासाठी राखून ठेवले होते. सप्टेंबर संपत आला होता. उतरून पाहतात तर पांढऱ्या कपड्यांत ते एकटेच. सामान एजंटाच्या ताब्यात गेलेलं आणि दुसऱ्या दिवशी रविवार, त्यामुळे कपडे बदलण्याची सोयही नव्हती. प्रवासात तर काटे-चमचे वापरायचा संकोच, कुठल्या पदार्थात मांस नाही हे विचारायचा संकोच. म्हणून भोजनगृहात न जाता ते खोलीतच बरोबर आणलेली फळं आणि मिठाई खात. कपड्यांत काही उणं नव्हतं. तिथलं हवामान आणि चालरीत आधी ठाऊक नव्हती, एवढंच. आज ती माहिती कंपनी स्वतः छापून पाठवते. ती निघण्याआधी नीट वाचावी.

हेच गांधीजी ४३ वर्षांनी, ऑगस्ट १९३१ मध्ये, गोलमेज परिषदेसाठी मुंबईहूनच ‘राजपुताना’ बोटीनं निघाले तेव्हा अंगावर आखूड धोतर आणि चादर होती. ती एका देशाच्या राजकारणाची वेशभूषा होती, आपल्या एका रात्रीच्या जेवणाशी तिची बरोबरी करणं योग्य नाही. पण समुद्रावर आपल्याच कपड्यांत ताठ मानेनं बसता येतं, हे मुंबईच्या धक्क्यानं तेव्हाच पाहिलं.

म्हणून माझं सांगणं असं आहे: काळ्या किंवा गडद निळ्या लोकरी कापडाचा बंदगळा शिवा. क्युनार्डच्या नियमातलं राष्ट्रीय पोशाखाचं वाक्य त्याला पुरेपूर लागू पडतं, आणि डिनर जॅकेटांच्या रांगेत तो कुठेही उणा दिसत नाही. टाय नको, बो बांधायची कसरत नको. कॉलर आणि मान यांत एक बोट सहज जाईल इतकी जागा ठेवायला सांगा. खांदा हाडाशी संपला पाहिजे. कापड उष्ण हवेत चालणारं पातळ लोकरी घ्या, पॉलिस्टर नको. त्यात घाम येतो आणि दिव्याखाली ते चमकतं. बटणं त्याच रंगाची, खिशात पांढरा रुमाल, झालं. जरीकामाची शेरवानी मात्र लग्नासाठी राहू द्या. जेवणाच्या टेबलाशी ती नवरदेवाची वाटते. रोजचा सुती कुडताही नको. नियम राष्ट्रीय पोशाखाला मान देतो तो औपचारिक असेल तरच. २०२४ साली आपल्या नौदलानं अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये कुडता-पायजम्याला परवानगी दिली, तीही बिनबाह्यांचं जॅकेट आणि नीट पादत्राणं या अटीवर. इतकी जुनी शिस्त सांभाळणाऱ्या मेसनं आपला पोशाख स्वीकारताना अदबीची अट सोडली नाही, हे मला फार आवडलं.

‘पैसे आम्ही भरलेत, मग आम्ही वाटेल ते घालू’ असं म्हणणारेही भेटतात. त्यांच्याशी माझं पटत नाही. अशा संध्याकाळी प्रत्येक जण दुसऱ्यासाठी सजतो. समोरच्या टेबलावर एखादं जोडपं लग्नाचा पन्नासावा वाढदिवस साजरा करत असतं, कुणी या रात्रीसाठी वर्षानुवर्षं पैसे साठवलेले असतात. आणि वाढणाऱ्याकडे पाहा. पी अँड ओ कंपनीच्या जुन्या बोटींवर भोजनगृहातले वाढपी पिढ्यानपिढ्या गोव्याचे असत. दोन सफरींच्या मध्ये मुंबईत धोबीतलावच्या, माझगावच्या कुडांमध्ये, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक वसतिगृहांत, त्यांचा मुक्काम असे. आजही प्रवासी जहाजांवर गोव्याची कितीतरी मुलं काम करतात. दिवसभर राबून तो मुलगा संध्याकाळी कडक इस्त्रीच्या गणवेशात तुमच्यापुढे उभा राहतो. आपण चुरगळलेल्या अर्ध्या चड्डीत त्याच्याकडून वाढून घ्यावं, हे माझ्या मनाला लागतं.

पायांत काळे चामडी बूट आणि लांब काळे मोजे हवेत. कोल्हापुरी मला प्रिय आहे, पण तिचा चामडी तळवा गुळगुळीत फरशीवर सरकतो आणि जहाज हलत असताना जिन्यावर ते धोक्याचं. इस्त्री घरून नेऊ नका. आगीच्या भीतीनं बहुतेक जहाजांवर खोलीत ती वापरू देत नाहीत. ‘क्वीन मेरी २’ वर प्रवाशांसाठी धुलाई-इस्त्रीची खोली असते, पण गालाच्या दुपारी तिथे रांग लागते. आदल्या दिवशीच काम उरकावं. विमानात बंदगळा सामानात कोंबण्यापेक्षा हातावर घेऊन चढा.

आणि शिंप्याकडे वेळेत जा. दिवाळीनंतर लग्नसराई सुरू झाली की चांगला कारागीर नवं काम घेत नाही, घेतलं तर ट्रायल एकदाच देतो. बंदगळ्याला दोन ट्रायल लागतात: पहिली अस्तर लावण्याआधी, दुसरी काजं पाडण्याआधी. डिसेंबरची सफर असेल तर कापड गणपतीच्या सुमाराला त्याच्या हातात पडलेलं असावं.