पेढीवरून कौन्सिलांत : नाना शंकरशेट

सोलापूर जिल्ह्यांतील मोहोळ हें गांव नागनाथाच्या देवस्थानामुळें दूरवर ठाऊक आहे. परंतु १८६० सालीं त्याला कांहीं काळ आणखी एक मान मिळाला होता. पुण्याकडून येणारा लोहमार्ग बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, येथून त्या वर्षीं मोहोळपर्यंत आला आणि त्याच वर्षीं पुढें सोलापुरास गेला. मधल्या अवधींत मोहोळ हेंच रुळांचें शेवटचें ठाणें होतें. आसपासच्या मुलखांतील कापूस बैलगाड्यांनीं तेथें यावा, आगगाडीनें खंडाळ्यास जावा, बोरघाट पुन्हां बैलगाडीनें उतरावा आणि खोपोलीस दुसऱ्यांदा डब्यांत चढावा, असा तो खटाटोप होता. घाटांतला मार्ग पुरा होण्यास १८६३ साल उजाडावें लागलें.

हा लोहमार्ग ज्या कंपनीचा, त्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या उभारणींत ज्या थोड्या हिंदी गृहस्थांचा हात होता, त्यांत मुंबईचे जगन्नाथ शंकरशेट, लोकांचे नाना, हे प्रमुख होत. १८४५ मध्यें सर जमशेटजी जिजीभाई यांच्यासह त्यांनीं रेल्वेसाठीं मंडळी उभी केली, आणि १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यापर्यंतचा २१ मैलांचा पहिला प्रवास आगगाडीनें केला, तेव्हां त्या कल्पनेस आठ वर्षें होऊन गेलीं होतीं.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ चा. घराणें दैवज्ञ ब्राह्मणांचें, व्यापारांत मुरलेलें. १८२२ सालीं वडील शंकरशेट वारले आणि एकोणीस वर्षांच्या मुलावर पेढीचा सारा भार येऊन पडला. त्या पेढीची पत अशी, कीं अरब आणि अफगाण व्यापारीदेखील आपलें द्रव्य बँकेंत न ठेवतां नानांच्या हवालीं करीत. परभाषी, परधर्मी माणसानें कुलपाची किल्ली विश्वासानें सोंपवावी, याहून मोठें प्रशस्तिपत्र व्यापाऱ्यास कोणतें मिळणार? पुढें सार्वजनिक कामांत त्यांच्या शब्दाला जें वजन आलें, त्याचें मूळ या तिजोरींत शोधावें लागतें.

पैका मिळविणारे त्या काळीं मुंबईंत पुष्कळ होते. नानांनीं तो शाळांकडे वळविला. एल्फिन्स्टन साहेबांच्या प्रेरणेनें १८२२ मध्यें निघालेल्या शिक्षणसंस्थेंत ते तरुणपणींच शिरले, आणि १८४० सालीं सरकारनें शिक्षणमंडळ स्थापिलें तेव्हां त्याचे सभासद झाले. मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा सगळा कल इंग्रजीकडे. थोड्यांना इंग्रजींतून उत्तम शिकवावें, ज्ञान तेथून खालीं झिरपेल, असा त्यांचा हिशेब. नाना स्वतः इंग्रजी उत्तम जाणणारे. तरीही १८४७ च्या सुमारास या वादांत ते देशी भाषांच्या बाजूनें उभे राहिले. सामान्य जनांपर्यंत विद्या न्यावयाची तर ती त्यांच्याच भाषेंतून गेली पाहिजे, हें त्यांचें म्हणणें. अध्यक्ष सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश, आणि हे एक सावकार! वाद पेरींच्या हयातींत मिटला नाहीं, आणि खरें पाहतां तो अद्यापिही मिटलेला नाहीं. १८४९ मध्यें मुलींच्या शाळेस गिरगांवांतील आपल्या वाड्यांत जागा देऊन नानांनीं लोकनिंदाही पत्करली.

१८५२ च्या ऑगस्टमध्यें बॉम्बे असोसिएशन निघाली, तीहि नानांच्या पुढाकारानें. कंपनी सरकारच्या सनदेची मुदत संपत आली होती. ती नव्यानें देण्यापूर्वीं येथील लोकांचीं गाऱ्हाणीं पार्लमेंटनें ऐकावीं, म्हणून या मंडळीनें अर्ज धाडला. पांच वर्षांनीं सत्तावन्नचा वणवा पेटला, आणि याच नानांवर बंडवाल्यांशीं संधान बांधल्याचा संशय घेण्यांत आला. चौकशी झाली, पुरावा मिळाला नाहीं.

आणि पुनः पांच वर्षें लोटतात न लोटतात तोंच सरकारनें त्यांना कायदे करण्यासाठीं बोलाविलें! १८६१ च्या कायद्यान्वयें स्थापन झालेल्या मुंबईच्या कायदेकौन्सिलाची पहिली बैठक २२ जानेवारी १८६२ रोजीं टाउन हॉलमध्यें भरली. तींत चार हिंदी सभासद होते : नाना, रुस्तमजी जमशेटजी जिजीभाई, सरदार माधवराव विंचूरकर आणि सावनूरचे नबाब. दोघे व्यापारी, दोघे सरंजामदार. निवडून कोणीच आलेला नव्हता, सारे सरकारनेमणुकीचे.

या खुर्चींत अधिकार तो किती? पुढें ठेवलेल्या विधेयकावर बोलावें, एवढाच. सरकारास प्रश्न विचारण्याची मुभा नाहीं, जमाखर्चाच्या अंदाजपत्रकावर चर्चा नाहीं. हे हक्क मिळण्यास १८९२ साल यावें लागलें. श्रोत्यांनीं येथें मोहोळचा लोहमार्ग पुन्हां आठवावा. रेल्वे कंपनीच्या भांडवलावर शेंकडा ५ व्याजाची हमी सरकारनें १८४९ च्या करारानें दिली होती. नफा कमी पडला तर तूट हिंदुस्थानच्या वसुलांतून भरून द्यावयाची, आणि त्या वसुलाचा मोठा वांटा शेतसाऱ्याचा. म्हणजे मोहोळच्या ज्या शेतकऱ्यानें गाडीचा धूर दुरूनच पाहिला, त्याच्या घामांतून भागीदारांचें व्याज जाणार. हा सौदा परवडतो कीं नाहीं, हें विचारण्याची सोय कौन्सिलांत कोणालाहि नव्हती. नाना तर त्या कंपनीच्या जन्मदात्यांपैकीं! शेतकऱ्याचा प्रतिनिधि म्हणून त्यांच्याकडे पाहणें कठीण आहे, हें त्यांच्या गौरवाच्या भरांत विसरूं नये. सरकारला हवें होतें तें त्यांचें नांव. लोकांना त्यांचा जो उपयोग झाला, तो कौन्सिलाच्या आधींच्या चाळीस वर्षांत.

त्या तीन वर्षांत मुंबई मात्र वेडावली होती. अमेरिकेंतील यादवीमुळें लँकेशायरास तिकडचा कापूस मिळेना. येथील कापसास सोन्याचा भाव आला आणि समभागांचा जुगार माजला. युद्ध थांबलें, आणि १ जुलै १८६५ रोजीं तो फुगा फुटून कित्येक मोठ्या पेढ्या बसल्या. त्याच महिन्याच्या अखेरीस, ३१ जुलैला, नानांचें निधन झालें.

त्यांच्या नांवानें मॅट्रिकच्या परीक्षेंत संस्कृतासाठीं शिष्यवृत्ती ठेवण्यांत आली, आणि 'शंकरशेट स्कॉलर' हें बिरुद महाराष्ट्रांतील कित्येक घरांनीं पिढ्यान् पिढ्या मिरविलें. १९१२ सालीं ती मिळविणारा विद्यार्थी चिंतामणराव देशमुख हा होता. १९५० ते १९५६ या काळांत भारताचे अर्थमंत्री म्हणून त्याच देशमुखांनीं लोकप्रतिनिधींपुढें देशाचें अंदाजपत्रक मांडलें, आणि त्यावर सभासदांनीं हवे तितके प्रश्न विचारले.