तीर्थक्षेत्राचा आराखडा आणि गावाचा विश्वास

(वाशीम येथे श्रोत्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



दरवर्षी आषाढीच्या आधी शेगावहून श्री गजानन महाराजांची पालखी निघते आणि मेडशी, मालेगाव, शिरपूर, रिसोड असा वाशीम जिल्ह्यातील प्रवास करून पुढे मराठवाड्यात उतरते. पालखी गावात आली की घराघरांतून भाकरी-पिठले निघते, शाळांच्या वर्गखोल्या मोकळ्या होतात आणि वारकऱ्यांचे पाय धुण्यासाठी म्हातारी माणसे उंबरठ्याबाहेर येऊन बसतात. या वाटेने जाणारा प्रत्येक वारकरी अखेर पोहोचतो तो पंढरपूरच्या महाद्वारात. म्हणूनच २०२२ पासून त्या महाद्वाराच्या आसपास जो वाद पेटला, तो केवळ पंढरपूरकरांचा नाही. वाशीमच्या वारकऱ्याचाही त्याच्याशी संबंध आहे.

वाद कशाचा आहे? काशी विश्वनाथाच्या धर्तीवर विठ्ठल मंदिराचा परिसर मोकळा करावा, मंदिर ते चंद्रभागा असा प्रशस्त मार्ग काढावा आणि त्यासाठी भोवतालची घरे, दुकाने, वाडे व मठ संपादित करावेत, अशी ही योजना. ‘पंढरपूर कॉरिडॉर’ या नावाने ती ओळखली गेली. २०२२ च्या उत्तरार्धात राज्य शासनाने तिला गती देताच मंदिर परिसरातील रहिवासी, व्यापारी आणि महाराज मंडळी रस्त्यावर उतरली. मोर्चे निघाले, निषेधाचे फलक लागले, घोषणा घुमल्या. त्या वर्षी डिसेंबरात डॉ. सुब्रमण्यम स्वामी पंढरपुरात आले आणि त्यांनी आंदोलकांची बाजू उचलून धरली. शासन हिंदुत्वाचा उद्घोष करणारे, योजना हिंदूंच्या तीर्थक्षेत्राची, विरोध करणारे कपाळी बुक्का लावणारे आणि त्यांच्या पाठीशी उभा राहिलेला नेताही त्याच विचारधारेतील! हा विरोध धर्मद्वेषातून आलेला नव्हता, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

गर्दीचे सत्य

योजनेमागे काही तथ्य नाही, असे मात्र कोणी समजू नये. आषाढीला पंढरपुरात दहा-दहा, बारा-बारा लाख भाविक येतात. दर्शनरांग काही किलोमीटर लांबते. २०२१ साली ज्ञानेश्वर महाराज आणि तुकाराम महाराज पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची कोनशिला बसली. बाहेरचे रस्ते रुंद झाले की येणाऱ्यांची संख्या वाढणार, पण मंदिराभोवतीच्या गल्ल्या पूर्वीच्याच. २००३ साली नाशिकच्या कुंभमेळ्यात अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविकांचे प्राण गेले. २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळील मांढरदेवीच्या यात्रेत तीनशेच्या आसपास माणसे दगावली. त्यानंतर महाराष्ट्रभर एकच प्रश्न विचारला गेला, ‘प्रशासनाने आधी काही का केले नाही?’ तोच प्रश्न उद्या पंढरपुरात विचारावा लागू नये, ही चिंता रास्त आहे. घरमालकाची भिंत मोलाची, तसा वारीत चालणाऱ्या मायमाउलीचा श्वासही मोलाचा आहे.

मग विरोध एवढा तीव्र का झाला?

दुखावलेली स्मृती

पहिले कारण स्मृतीचे आहे. १९८० च्या दशकात पंढरपुरात ‘मास्टर प्लॅन’च्या नावाने रस्तारुंदीकरण झाले. मंदिरालगतची घरे पडली आणि कित्येक कुटुंबांचे अर्धे अंगण, अर्धे दुकान रस्त्यात गेले. ज्याने वडिलांचे घर पडताना लहानपणी पाहिले, त्याच्या हाती आज पुन्हा नकाशा पडला तर तो शांत कसा राहणार?

दुसरे कारण काळाचे. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी महामारीमुळे पायी वारी झाली नाही. संतांच्या पादुका एसटीने पंढरीस नेल्या गेल्या. कुंकू, बुक्का, तुळशीमाळा, टाळ आणि चुरमुरे विकणाऱ्या पंढरपूरकराची वर्षाची मिळकत चार वाऱ्यांवर असते. दोन वर्षे बुडालेला हा माणूस जेमतेम उभा राहत होता, तोच त्याचे दुकान पडणार असल्याची वार्ता आली.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. नेमकी कोणाची घरे जाणार, भाडेकरूचे काय होणार, पर्यायी दुकान कोठे मिळणार, या प्रश्नांची उत्तरे मिळण्याआधी गावात आकडे आणि नकाशे फिरू लागले. अधिकृत माहिती उशिरा येते तेथे अफवा आधी पोहोचते. सीमाप्रश्न तापलेला असताना काही आंदोलकांनी थेट कर्नाटकात जाण्याची भाषा केली. ती भाषा समर्थनीय नव्हतीच. कानडा विठ्ठल म्हणून आळवलेला देव महाराष्ट्राच्या हृदयात बसलेला आहे. परंतु पंढरपूरच्या माणसाच्या तोंडून असे शब्द का निघावेत, याचा विचार राज्यकर्त्यांनी करायला हवा होता.

मंदिर कोणाचे, क्षेत्र कोणाचे?

या प्रश्नाला इतिहासाची एक बाजू आहे. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी प्राणांतिक उपोषण केले, तेव्हा विठ्ठलाचे द्वार अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांसाठी उघडले. पुढे बडवे-उत्पातांच्या कारभाराविषयी तक्रारी वाढल्या. नाडकर्णी आयोगाने चौकशी केली. १९७३ चा पंढरपूर मंदिरे कायदा झाला, १९८५ मध्ये व्यवस्थापन शासननियुक्त समितीकडे आले आणि जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. भाविकांची अडवणूक थांबली, हे या बदलाचे फलित नाकारता येणार नाही. मात्र देवस्थान शासनाच्या हाती असावे काय, हा प्रश्न तेथे संपला नाही. २०२३ मध्ये या कायद्याला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले.

यातून एक व्यावहारिक अडचण उभी राहिली. मंदिराची समिती शासनाने नेमलेली, आराखडा शासनाचा आणि भूसंपादन करणारेही शासन. तक्रार घेऊन जायचे कोणाकडे? मधे उभी राहील अशी गावाची स्वतंत्र संस्था उरली नाही. साहजिकच तक्रार रस्त्यावर आली.

येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. तीर्थक्षेत्र म्हणजे केवळ गाभारा नव्हे. प्रदक्षिणा मार्ग, फडांचे मठ, होळकर वाडा, शिंदे सरकार वाडा, पिढ्यान् पिढ्या त्याच वारकऱ्याला आपल्या माजघरात उतरवून घेणारी घरे, हे सारे मिळून पंढरपूर होते. ज्या पुण्यश्लोक अहिल्यादेवींनी १७८० च्या सुमारास काशीचे मंदिर पुन्हा उभारले, त्यांचाच वाडा पंढरीत आहे. काशीचा आदर्श घेताना ही गोष्ट विसरून कसे चालेल?

काशी, पुरी आणि इस्तंबूल

काशीचे उदाहरण नीट पाहावे. मार्च २०१९ मध्ये तेथील कामाचा शिलान्यास झाला आणि १३ डिसेंबर २०२१ रोजी लोकार्पण झाले. तीनशेहून अधिक मालमत्ता विकत घेण्यात आल्या आणि सुमारे चौदाशे दुकानदार, भाडेकरू व घरमालकांचे पुनर्वसन केल्याचे सरकारने सांगितले. घरांच्या आत दडलेली चाळीसहून अधिक प्राचीन मंदिरे उजेडात आली. आज तेथे गंगेचे जल घेऊन भाविक थेट विश्वनाथापर्यंत जातो. तरीही २०१८ मध्ये काशीकरांनी आणि काही संतांनी या कामाविरुद्ध आंदोलन केले होते. जुन्या गल्ल्या आणि त्यांतील देवळे गेली, हे त्यांचे दुःख खोटे नव्हते. जगन्नाथपुरीतही सुरक्षेसाठी मंदिराच्या तटाभोवती ७५ मीटरचा पट्टा मोकळा करताना २०१९ मध्ये एमार मठासारखी जुनी वास्तू पाडली गेली. जानेवारी २०२४ मध्ये पुरीच्या परिक्रमा मार्गाचे लोकार्पण झाले. मठ मात्र परत आला नाही.

परदेशात डोकावले तर तुर्कस्तानचे उदाहरण समोर येते. इस्तंबूलच्या तकसीम चौकाजवळील गेझी उद्यान हटवून तेथे १९४० मध्ये पाडलेली उस्मानी काळातील लष्करी बराक नव्याने उभारण्याचा घाट एर्दोगान सरकारने घातला. मे २०१३ च्या अखेरीस झाडे वाचविण्यासाठी काही तरुण तंबू ठोकून बसले. पोलिसांनी भल्या पहाटे तंबू जाळले, अश्रुधूर सोडला. आणि काही दिवसांत देशभरातील शहरांत लक्षावधी लोक रस्त्यावर आले. त्यात काहींचे प्राण गेले. एका उद्यानाचा प्रश्न संपूर्ण राजवटीविरुद्धचा प्रश्न बनला. उद्यान वाचले, पण सरकार आणि समाजाचा एक मोठा वर्ग यांच्यातील दरी बुजली नाही. लोकांनी निवडून दिले म्हणजे आता काही विचारण्याची गरज नाही, असा समज सत्तेला झाला की असे घडते.

पंढरपुरात गोष्टी तेथवर गेल्या नाहीत, हे सुदैव. शासनाने बळजबरी होणार नाही, सर्वांना विश्वासात घेतले जाईल, असे सांगितले. २०२५ मध्ये जिल्हा प्रशासनाने बाधितांशी बैठका घेऊन मोबदला आणि पुनर्वसनाची चर्चा आरंभली. विरोध मावळला नाही, पण बोलणे सुरू झाले. हेच पाऊल तीन वर्षे आधी पडले असते तर?

कायदा काय सांगतो?

२०१३ चा भूसंपादन कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. संपादनापूर्वी सामाजिक परिणामांचा अभ्यास आणि जनसुनावणी व्हावी, असे तो सांगतो. शहरी भागात बाजारमूल्याच्या जवळपास दुप्पट मोबदल्याची तरतूद त्यात आहे. एवढेच नव्हे, तर जागेचा मालक नसलेला, पण तीन वर्षे तेथे राहणारा वा तेथेच पोट भरणारा माणूसही त्या कायद्याने बाधित ठरतो. मंदिराच्या दारात पोटभाड्याच्या फळीवर बुक्का विकणारी विधवा बाई या व्याख्येत बसते. घरमालकाला धनादेश मिळेल, पण तिच्या फळीचे काय, हा प्रश्न प्रत्येक आराखड्याच्या पहिल्या पानावर असला पाहिजे.

प्राधान्यक्रमाचेही तसेच. २०१६ मध्ये ‘नमामि चंद्रभागा’ची घोषणा झाली. वारकरी आधी चंद्रभागेत स्नान करतो आणि मग दर्शनाला जातो. नदी निर्मळ आणि वाळवंट स्वच्छ झालेले पंढरपूरकराने डोळ्यांनी पाहिले, तर पुढच्या योजनेवर त्याचा विश्वास अधिक बसेल. २०२४ मध्ये मंदिराच्या मूळ दगडी रूपाच्या जतनासाठी काही आठवडे पदस्पर्शदर्शन बंद ठेवले गेले, तेव्हा भाविकांनी ते आनंदाने सोसले. काम दिसत होते आणि हेतू पटला होता. समाज त्यागाला तयार असतो, मात्र तो त्याच्याकडे मागावा लागतो.

वाशीमसाठी बोध

हा विचार आपल्या जिल्ह्यात करण्यास कारण आहे. बंजारा समाजाची काशी असलेल्या पोहरादेवीत ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचे लोकार्पण झाले. श्री नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान असलेल्या कारंजात देशभरातून दत्तभक्त येतात. वाशीमनगरी तर वाकाटकांची वत्सगुल्म. बालाजी मंदिर आणि पद्मतीर्थ ही तिची भूषणे. या क्षेत्रांची गर्दी वाढत जाणार आणि आज ना उद्या त्यांचेही नकाशे निघणार. तेव्हा ग्रामस्थांनी काय करावे? नकाशा निघाला त्याच दिवशी तो मागून घ्यावा, हरकतीची मुदत चुकवू नये आणि भाडेकरू व फेरीवाल्यांची यादी गावानेच करून ठेवावी. अधिकाऱ्यांनी रेषा ओढण्यापूर्वी गल्लीतून पायी फिरावे. आणि जे या वादात नाहीत, त्या भाविकांनी दोन्ही बाजू ऐकून घ्याव्यात. सोयही आपल्याचसाठी आहे आणि विस्थापित होणारा माणूसही आपलाच आहे.

पुढच्या आषाढीला या जिल्ह्यातून दिंडी जाईल. दर्शन घेऊन बाहेर पडणाऱ्या वारकऱ्याने महाद्वारातील दुकानदाराशी घटकाभर बोलावे, त्याचे म्हणणे ऐकावे आणि गावी परतल्यावर ते चार जणांना सांगावे. ज्याने वारकऱ्याला इतकी वर्षे आपल्या घरात जागा दिली, त्याचे एवढे ऋण फेडणे कठीण नाही.