थंड पाण्यातले वेडर्स : पैसे कुठे घालायचे, कुठे वाचवायचे

आजचा विषय आहे वेडर्स, म्हणजे पायातल्या बुटापासून छातीपर्यंत येणारी, पाणी आत न घेणारी पँट. बदकांच्या शिकारीला लागते ती.

एक गोष्ट आधीच सांगतो. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीला बंदी आहे, तेव्हा हा भाग अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी. इथे आर्कान्सॉमध्ये, बेन्टनव्हिलला, आपली आयटीवाली मंडळी भरपूर. थंडी आली की ऑफिसातले इथले लोक स्टुटगार्टकडे निघतात आणि विचारतात, येतोस का? हो म्हटलं की लायसन्स लागतं, वर २५ डॉलरचा फेडरल डक स्टॅम्प. आणि मग सगळ्यात मोठा खर्च येतो तो वेडर्सचा. दुकानात १५० डॉलरचेही आहेत आणि हजार डॉलरच्या घरातलेही.

आता स्टुटगार्टचा भाग कसा आहे ते डोळ्यांसमोर आणा. मैलोन्‌मैल भातशेती. हिवाळ्यात त्या खाचरांत पाणी सोडतात, शेजारच्या ओकच्या जंगलांतही पाणी चढतं आणि मॅलार्ड बदकं तिथे उतरतात. माणूस पहाटे अंधारात जाऊन मांडीभर, कधी कमरेइतक्या पाण्यात झाडाला टेकून तासन्‌तास उभा राहतो. हालचाल नाही. हवा शून्य अंशाच्या आसपास. हवेपेक्षा पाणी अंगातली उष्णता साधारण २५ पट वेगानं ओढून घेतं. म्हणजे वेडर्स हा फॅशनचा भाग नाही.

पहिला निर्णय कापडाचा. निओप्रीन म्हणजे रबरासारखं फेसाळ कापड. ते स्वतःच ऊब धरतं आणि स्वस्त पडतं. ३.५ मिलिमीटर आणि ५ मिलिमीटर अशा जाडीत मिळतं. दुसरा प्रकार ब्रीदेबल. ते हलकं, घाम बाहेर सोडतं, पण ऊब आतल्या कपड्यांनी आणायची. त्यात चांगल्या प्रतीचं घ्यायचं तर किंमत झपाट्यानं चढते. बजेट कमी असेल आणि डिसेंबर-जानेवारीत एका जागी उभं राहायचं असेल, तर निओप्रीन घ्या. तोटा एकच, चालताना घामानं आतून भिजायला होतं. म्हणून जाताना वरचा भाग कमरेपर्यंत खाली दुमडून चालायचं आणि पाण्यात उतरण्याआधी वर चढवायचा.

दुसरा निर्णय बुटांचा. बूट चिकटवलेलेच घ्या. खाचरातला चिखल कसा पाय धरून ठेवतो हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. टाच आत सैल असेल तर पाय वर येतो, बूट खालीच राहतो. बुटावर ६००, १००० किंवा १६०० ग्रॅम लिहिलेलं असतं. ते बुटाचं वजन नव्हे, आतल्या उबदार अस्तराचं दर चौरस मीटरचं वजन. उभं राहायचं असेल तर १००० ग्रॅमच्या आसपासचं बघा. आणि मोजे दोन-दोन कोंबू नका. पाय आवळला की रक्त नीट फिरत नाही, मग उलट जास्त गारठतो. जाड लोकरीचा एकच मोजा पुरे. सुती काहीही नको, ते ओलं झालं की ऊब संपली.

तिसरं, माप. दुकानात आतले सगळे कपडे घालून जा. वेडर्स चढवा, उकिडवे बसा, मग एक पाय उचलून खुर्चीवर ठेवा. मांडीत ताण आला तर तो ताण शिवणीवरही येतोय, आणि स्वस्त वेडर्स शिवणीतच आधी गळतात. ही परीक्षा फुकट आहे.

आता हिशेब. १५० डॉलरचे वेडर्स, वर्षाला पाच फेऱ्या, तीन हंगाम टिकले, तर एका फेरीला १० डॉलर पडतात. ९०० डॉलरच्या वेडर्सना तोच दर गाठायला ९० फेऱ्या लागतील, म्हणजे १८ हंगाम! दर आठवड्याला जाणाऱ्याचं गणित वेगळं, पण आपल्यासारख्यांना महागडी छलावरणाची नक्षी आणि छातीवरचे चार खिसे परवडत नाहीत आणि लागतही नाहीत. जानेवारी संपला की हंगाम संपतो, त्यानंतर फेब्रुवारी-मार्चमध्ये सेल बघा.

एका गोष्टीत मात्र काटकसर नाही : पट्टा. कमरेचा पट्टा घट्ट बांधूनच पाण्यात उतरायचं. पडलात तर पाणी झटकन आत शिरत नाही. वेडर्समध्ये पाणी भरलं की माणूस दगडासारखा बुडतो, असं लोक म्हणतात. ते तसं नाही. आतलं पाणी बाहेरच्या पाण्याइतक्याच वजनाचं असतं. पण पोहणं अवघड होतं आणि काठावर चढताना ते सगळं पाणी अंगावर ओढावं लागतं. मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्ट यांचा १-१०-१ नियम पाठ करून ठेवा. बर्फगार पाण्यात पडल्यावर पहिला १ मिनिट फक्त श्वास ताब्यात आणायचा. मग हातपाय नीट चालतात ती साधारण १० मिनिटं, त्यात बाहेर पडायचं. शुद्ध हरपायला साधारण १ तास. घाबरून पहिलाच मिनिट घालवू नका. आणि बोटीत असाल तर वेडर्सवर लाइफ जॅकेट हवंच.

घरी आल्यावर वेडर्स आतून-बाहेरून वाळवा, बूट वर करून उलटे टांगा. घडी घालून ठेवलं तर निओप्रीनला घडीवर चिरा जातात.

थोडक्यात, पैसे बूट, माप आणि शिवण यांवर घाला, आणि फुकटात मिळणारा पट्टा विसरू नका. कोणी शनिवारी पहाटे निघत असेल, तर आज रात्रीच वेडर्स चढवून उकिडवे बसून बघा. भेटू पुढच्या भागात!