विद्यापीठाजवळचे बिऱ्हाड



परमपूज्य बाबासाहेब जुलै १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात आले, तेव्हा त्यांच्यापुढेही बिऱ्हाडाचा प्रश्न होताच. प्रथम ते हार्टली हॉलमध्ये उतरले, मग पश्चिम ११४ व्या रस्त्यावर ५५४ क्रमांकाच्या कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले आणि पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्रासमवेत राहिले. परदेशातील वास्तव्याने आपण अस्पृश्य असल्याची जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. ती जाणीव परत आली १९१७ साली, बडोद्यात. तेथे पारशी उतारगृहात पारशी नाव सांगून राहावे लागले आणि अकराव्या दिवशी हाती काठ्या घेतलेल्या पारशी जमावाने त्यांना जागा सोडण्यास फर्मावले. न्यूयॉर्कमधला सोबतीही पारशी आणि बडोद्यातला जमावही पारशीच, हे आम्हांस नेहमी विचारात पाडते.

आज येथे घर शोधताना पहिली अडचण पैशाची. घरमालक बहुधा मासिक भाड्याच्या चाळीसपट वार्षिक उत्पन्न मागतो. विद्यार्थ्याजवळ ते कोठून असणार? जामीनदार आणावा तर त्याचे उत्पन्न ऐंशीपट हवे. तुमच्या बाजूने काही कायदे आहेत, ते ध्यानात ठेवा. २०१९ च्या राज्य कायद्यानुसार अनामत एका महिन्याच्या भाड्याहून अधिक घेता येत नाही. जून २०२५ पासून या शहरात दलाली, ज्याने दलाल नेमला त्यानेच द्यावयाची आहे.

परंतु आम्हांस खरे बोलावयाचे आहे ते दुसऱ्या अडचणीविषयी. स्वतःच्या नावे करार होत नाही, म्हणून आपला विद्यार्थी दुसऱ्या भारतीय विद्यार्थ्याने घेतलेल्या घरातली खोली पाहतो. तेथे उत्पन्न कोणी विचारीत नाही. आडनाव विचारतात, गाव विचारतात, वडील काय करतात ते विचारतात. स्वयंपाकघर 'शुद्ध शाकाहारी' असल्याचे सांगतात. हा शेवटचा प्रश्न अन्नाचा आहे की आणखी कशाचा, हे विचारणारा व उत्तर देणारा दोघेही जाणतात. दुसऱ्या दिवशी खोली "दुसऱ्याला दिली" असा निरोप येतो.

सिअ‍ॅटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये घरभाड्यासह अनेक बाबतींत जातिभेदास कायद्याने बंदी केली. अमेरिकेतील असे करणारे ते पहिले शहर. याचा आम्हांस अभिमान आहे. पण कायद्याचा हात कोठवर पोहोचतो तेही पाहावे. न्यूयॉर्क शहराचा भेदभावविरोधी कायदा घरमालकाला बांधतो. राहता भाडेकरू स्वतःच्या घरातील एखादी खोली देतो, तेव्हा त्या व्यवहाराला तो सूट देतो. आपल्या मुलांना नकार मिळतो तो नेमका याच उंबरठ्यावर.

म्हणून आमची सूचना साधी आहे. करार आपल्याच मुलांच्या नावे व्हावा, त्यांनी दोघे-तिघे मिळून घर घ्यावे, आणि जे येथे स्थिरावले आहेत त्यांनी जामीन राहावे. जामीन राहणे म्हणजे स्मरणिकेला जाहिरात देणे नव्हे, याची आम्हांस कल्पना आहे; भाडे थकले तर ते आपल्या खिशातून जाईल. विद्यार्थ्यांनीही हे ओळखून अडचण येताच, महिना उलटण्यापूर्वी, जामीनदारास कळवावे. नावे नोंदविण्याची वही दाराजवळच्या मेजावर ठेवली आहे. पहिली तीन नावे कार्यकारिणीतील सदस्यांचीच आहेत.