चेंडू गेला कुठे?



अमेरिकेतल्या कॉलेजांचा फुटबॉल आपल्या फुटबॉलसारखा नव्हे. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता; आणि नाव पायाचे असले तरी काम बहुतेक हातांचे. चेंडू छातीशी कवटाळून प्रतिपक्षाची फळी फोडायची नि पलीकडची रेघ गाठायची. आता असा चेंडूच नाहीसा झाला तर?

१९०३ साली हार्वर्ड विद्यापीठाची गाठ कार्लाईलच्या शाळेशी पडली. कार्लाईलचे प्रशिक्षक ‘पॉप’ वॉर्नर मोठे खटपटी गृहस्थ. त्यांनी एका जर्सीत आतून इलॅस्टिक शिवून घेतले होते! उत्तरार्धाच्या आरंभी हार्वर्डने चेंडू टोलवला. कार्लाईलच्या पोरांनी तो झेलला, क्षणभर कोंडाळे केले आणि चेंडू डिलन नावाच्या गड्याच्या पाठीवर, जर्सीच्या आत सरकवला. मग सारे पांगले. पोटाशी काही दडवल्याचा आव आणून! हार्वर्डवाले दिसेल त्याला लोळवू लागले. डिलन मात्र दोन्ही हात मोकळे हलवीत धावत होता. रिकाम्या हातांच्या माणसाला कोण अडवणार? तो रेघेपलीकडे पोचला, तेव्हा कुठे त्याच्या पाठीवरचे कुबड लोकांना उमगले. नियमांत याला मनाई नव्हती. सामना शेवटी हार्वर्डनेच १२-११ असा जिंकला, पण लोकांच्या तोंडी राहिली ती कार्लाईलची गोष्ट.

पुढे वॉर्नरनी जर्सींवर चेंडूच्या आकाराची कातडी ठिगळे लावली, तेव्हा हार्वर्डच्या हॉटन यांनी चेंडूच आपल्या जर्सीच्या किरमिजी रंगात रंगवून पुढे ठेवला, असे सांगतात. शेरास सव्वाशेर!

पण ही कार्लाईलची पोरे कोण? ती अमेरिकेच्या मूळ रहिवासी जमातींची लेकरे. पेनसिल्व्हेनियातली ही शाळा १८७९ साली निघाली, ती त्यांचे मूळपण पुसण्यासाठीच. आल्याबरोबर केस कापायचे, नाव बदलायचे, मायबोली बोलायची नाही. अशा मुलांनी धनवंतांच्या विद्यापीठाला भर मैदानात चेंडू शोधायला लावला. याला मी नुसती थट्टा म्हणत नाही; आपल्याला गनिमी काव्याची चव ठाऊक आहे.

९ नोव्हेंबर १९१२ रोजी तर समोर वेस्ट पॉइंटची लष्करी अकादमी होती. ज्या फौजेशी यांच्या वाडवडिलांनी लढाया केल्या, तिचे हे भावी अधिकारी. जिम थॉर्पच्या कार्लाईलने २७-६ अशी बाजी मारली. थॉर्पला अडवू पाहणाऱ्या त्या कॅडेटांत एक आयझेनहॉवर होता. तोच पुढे १९५३ साली अमेरिकेचा अध्यक्ष झाला.